बंद जिनिंगचा आवाज

दिग्रसला आमच्या गच्चीवर चाळीस फुटांचा लोखंडी मनोरा होता आणि त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक अँटेना. नवखा माणूस त्याला टीव्हीचा अँटेना समजायचा आणि मग विचारायचा, "एवढा मोठा? कायले?" मी सांगायचो की हा हॅम रेडिओचा आहे, सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळतो, आणि घरात बसून जगभरच्या हौशी लोकांशी बोलता येतं. बहुतेकांना ते पटत नसे. फुकट बोलायचं आणि तेही अनोळखी माणसाशी, यात काय मिळतं, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि वर गेल्यावर मला बरंही वाटायचं. नागपूरच्या एका म्हाताऱ्या हॅमनं डोळे गेल्यावर आपला अँटेना मला दिला. त्याचे तुकडे सुटे करून, चादरीत बांधून, एसटीच्या टपावर टाकून मी ते आणले होते. तीन वेगवेगळ्या लहरींवर चालणारा अँटेना होता तो. त्यासाठी प्रत्येक आडव्या नळीवर मनगटाएवढे जाड डबे बसवलेले असतात आणि त्यांच्या आत तारेची वेटोळी. त्या डब्यांना खालून बारीक भोकं ठेवावी लागतात, नाहीतर पावसाचं पाणी साचतं. नळ्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या. सगळा सांगाडा फिरवायला मोटर परवडणारी नव्हती, म्हणून मनोऱ्यातून एक पाइप खाली खोलीत आणला होता आणि त्याच्या खालच्या टोकाला भंगारातून मिळालेलं जीपचं स्टिअरिंग बसवलं होतं. स्टिअरिंग फिरवलं की वर अँटेना वळायचा. बायको म्हणायची, "तुमी घर चालवत नाही, गाडी चालवून राह्यले."

रोज ड्यूटी संपवून चारच्या सुमाराला मी कानाला हेडफोन लावून बसायचो. त्या वेळी युरोप चांगला ऐकू येई. इथून युरोप वायव्येला, म्हणून स्टिअरिंग वायव्येला. इथला उन्हाळी वारा वायव्येचा, म्हणून काम झालं की अँटेना परत ईशान्येकडे वळवून ठेवायचो. नागपूरच्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं, "नळ्या वाऱ्याला आडव्या ठेवू नको, वारा खातील."

घरामागे, पूर्वेला, कापसातून सरकी काढणारी एक जिनिंग होती. बोंडअळीची आणि पडेल भावाची ती वर्षं. आजूबाजूच्या एकेक जिनिंगला कुलूप लागत होतं आणि ही बंद होऊन दोन हंगाम झाले होते. आतली यंत्रं जागच्या जागी होती. टिनाची लांबलचक शेड, शेडवर कबुतरं, आवारात गुडघाभर गवत, आणि फाटकाशी मुकुटबनकडचा एक चौकीदार, एवढंच उरलं होतं.

होळी होऊन गेली होती. एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या दोन बाया आमच्या घरी आल्या. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, जिनिंग सुरू झाली का वो?"

"कोणती?"

"हीच. मागची. दुपारी चार वाजता सुरू होते. घूंऽऽ करते. पाचले बंद."

बायकोनं मला विचारलं. मी हसलो. जिनिंगची वीज कापलेली होती, ते मला माहीत होतं. खांबावरून तोडलेली तार मी रोज येता-जाता बघत होतो.

आठ दिवसांत सगळी गल्ली तेच बोलू लागली. दिवस भरत आलेली एक पहिलटकरीण सून माहेरी गेली. कुणी म्हणालं, गाठी बांधायच्या प्रेसमध्ये सापडून मेलेला मजूर आहे. कुणी म्हणालं, कापूस मागते जिनिंग, तिला घास पाहिजे. मग चौकीदारानं काम सोडलं. तो टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला, कारण त्याचा गावाकडचा फोन आमच्याकडे यायचा. मी विचारलं, "काहून चालला?"

तो म्हणाला, "साहेब, अंदर कोनी नाही. मी चारदा पाहून आलो. कोनी नाही, अन् चालू आहे."

त्याच्या आवाजात भीती नव्हती. ज्याचं काही करता येत नाही अशी एखादी गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं. मला ते भीतीपेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी रेडिओ लावला, पण मन लागेना. हेडफोन काढून ठेवला, अँटेना होता तसाच सोडला, आणि चपला घालून मागच्या बाजूनं जिनिंगकडे गेलो. फाटक नुसतं ओढलेलं होतं. आवारात शिरलो आणि दहा पावलांवर थांबलो.

आवाज होता. जाड, खालच्या सुरातला, एकसारखा. बंद दारामागे खूप यंत्रं एका लयीत चालावीत तसा. मधेच तो चढायचा, थरथरायचा आणि पुन्हा खाली बसायचा. शेडच्या टिनातून येतोय असं वाटे, टिनाजवळ गेलं की जमिनीतून.

आवारात मी एकटा नव्हतो. जिनिंगचा जुना फिटर शेडच्या दारासमोर उभा होता. तीस वर्षं त्यानं तिथली यंत्रं सांभाळली होती. सत्तरीला टेकलेला, बायको वारलेली, मुलगी उमरखेडला दिलेली. तो गल्लीच्या टोकाला एकटा राहायचा. त्यानं मान एका बाजूला कलती केली होती आणि डोळे मिटले होते.

"फिटरकाका," मी हळूच हाक मारली.

त्यानं हात वर करून मला गप्प केलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मधल्या शाफ्टचं बेअरिंग वाजून राह्यलं. आयकलं? तो जो मधात किरकिरते तो. तेल नाही पोचत त्याले."

"काका, आत तर कुणीच नाही."

"मले दिसते ना." तो शांतपणे म्हणाला. "म्हणूनच तर. माणूस असता तं तेल नसतं देल्लं?"

मी घरी आलो. बायको म्हणाली, "काय झालं? चेहरा पाहा आरशात." मी सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यात भूतखेत मानत नाही. तुमच्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले, सांगता ना तुमी? मग आता घाबरता कायले?"

वडिलांनी देव सोडले होते, ते मी आईकडून ऐकलेलं होतं. भीतीही त्याच दिवशी पाण्यात गेली असेल असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. त्या दुपारी मी जिनिंगकडची खिडकी लावून घेतली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रेडिओच्या मीटरचा काटा वर जायला लागला. म्हणजे अँटेना नीट लागत नव्हता, तेही एकाच लहरीवर. मला अंदाज होता. उन्हाळ्यात कुंभारमाश्या येतात आणि डब्यांच्या खालची भोकं मातीनं लिंपून टाकतात. रविवारी दुपारी साडेतीनला कमरेला पट्टा बांधून, खिशात पातळ तार घेऊन मी वर चढलो. हात पोचावा म्हणून अँटेना वायव्येला वळवून ठेवला होता.

तीन भोकं मोकळी केली. चौथ्याला हात घातला आणि वारा सुटला.

आधी तो मला तळहातात जाणवला. नळी बारीक थरथरत होती. मांजरीच्या अंगावर हात ठेवल्यावर आतून येते तशी थरथर. मग ती दंडात आली, मग छातीत, कारण मी मनोऱ्याला कवटाळून होतो. आणि मग आवाज. तोच. घूंऽऽ. माझ्या डोक्याच्या वर, उजवीकडे, डावीकडे, सगळ्या नळ्या गात होत्या. पाहतो तर टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या उन्हानं तडकून केव्हाच्या पडून गेल्या होत्या. उघड्या नळ्यांच्या तोंडावरून वारा जात होता आणि पूर्वेच्या टिनाच्या शेडवर आदळून आवाज दुप्पट होऊन परतत होता. रोज चारला मीच अँटेना वाऱ्याला आडवा करत होतो आणि मीच कान झाकून बसत होतो.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी वरून खाली पाहिलं. जिनिंगचं आवार तळहातावर असल्यासारखं दिसत होतं. भिंतीपलीकडे सात-आठ बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. फाटकाशी कुणीतरी नारळ फोडून ठेवला होता. आणि दारासमोर फिटरकाका, मान कलती करून. सगळ्यांची तोंडं शेडकडे. एकानंही वर पाहिलं नाही. मी ओरडलो, "काका! अहो, हे इकडे आहे!" वाऱ्यानं माझा आवाज माझ्याच तोंडात परत कोंबला. मला उगाचच वाटून गेलं की मी हात हलवला, उडी मारली, तरी ही माणसं वर पाहणार नाहीत.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग जा ना, सांगा सगळ्यायले."

"सांगू काय? की महिनाभर मी तुम्हाला भेवाडत होतो?"

"मग निदान बंद तरी करा."

ते मात्र केलं. खात्यातले दोन मित्र बोलावून अँटेना खाली उतरवला. प्रत्येक नळीतून नायलॉनची जाड दोरी ओवली, म्हणजे नळी थरथरत नाही. टोकांना लाकडी बुचं ठोकली, वरून टेप गुंडाळली. दोन दिवसांत सगळं परत वर चढवलं. चारला अँटेना वायव्येला वळवला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. वारा चांगला होता. एक सूरही नाही. मनोऱ्याच्या लोखंडाला कान लावला. मुकं.

गल्लीनं सगळं श्रेय नारळाला दिलं. माहेरी गेलेली सून बाळाला घेऊन आली. मी सुटलो असं समजत होतो.

आठवड्यानं चहाच्या टपरीवर फिटरकाका भेटला. खूश दिसत होता. दाढी केलेली, सदरा धुतलेला. म्हणाला, "बदललं बरं का कोनंतरी बेअरिंग."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"किरकिर गेली ना. आता कशी गोड चालून राह्यली. कालबी चारले सुरू झाली, पाचले सुटी."

"काका, उद्या माझ्या गच्चीवर या. तिथून ऐका."

तो आला. पावणेचारलाच आला. मी त्याला खुर्ची दिली. त्या दिवशी वारा अगदी पडलेला होता, दोरीवरचं लुगडंसुद्धा हलत नव्हतं. अँटेना मी मुद्दाम ईशान्येला ठेवला होता. चार वाजून काही मिनिटं झाली असतील. काकानं डोळे मिटले आणि कठड्यावर बोटांनी ताल धरला. टक-टक, टक-टक. एकसारखा, न चुकता.

"येते आयकू?" त्यानं विचारलं.

"नाही."

"हं," तो म्हणाला. वाईट वाटल्यासारखं नाही, एखाद्याचं गणित कच्चं असावं तसं.

मी एक हात मनोऱ्यावर ठेवून उभा होतो. लोखंड उन्हानं तापलेलं आणि निर्जीव. काकाची बोटं चालूच होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण मी त्या बोटांवरून नजर काढू शकत नव्हतो. मग ती एकदम थांबली. काका म्हणाला, "झाली सुटी." आणि त्याच क्षणी जिनिंगच्या शेडवरची सगळी कबुतरं एकदम उठली, एक गिरकी घेऊन पुन्हा बसली. आवारात माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. पाच.

पुढच्या वर्षी जिनिंगची यंत्रं भंगारात गेली. चार दिवस ट्रक लागत होते. काका त्या चार दिवसांत घराबाहेर आला नाही. मग मुलगी येऊन त्याला उमरखेडला घेऊन गेली. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कामावर मला एकदा जावं लागलं, तेव्हा शोधत शोधत मी त्यांच्या घरी गेलो. काका ओट्यावर बसला होता. पाय सुजलेले होते, पण त्यानं मला ओळखलं. मुलीनं चहा केला. माझ्या मनात जे इतके दिवस होतं ते मी त्याला सगळं सांगितलं. टोप्या पडल्याचं, नळ्यांचं, वाऱ्याचं, दोरीचं. चुकलो म्हणालो.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुह्या नळ्या वाजत होत्या ते काय मले समजत नव्हतं, गड्या? तीस वर्स आवाजच आयकले मी. तो वरचा आवाज तुहा होता. किरकिर तुहीच होती. तू ती बंद केली ते बेस केलं. त्याच्या खालचा मले नीट आयकू येत नव्हता."

मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे असंच बोलतात हो आजकाल. मी चहा संपवला. काकानं मला दुपारच्या गाडीची वेळ सांगितली, ती अगदी बरोबर निघाली. दिग्रसला उतरलो तेव्हा अजून उजेड होता. आमच्या घरी जायला जिनिंगच्या भिंतीकडून जवळचा रस्ता आहे. मी बाजारातून वळसा घालून गेलो.