प्लॅस्टिकची भिंत आणि आर्डिसची खिडकी

आर्डिस लुंडक्विस्टचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. सव्वाचारला नाही. सव्वाचारला उठलं की पाचची बस चुकते, आणि मिनियापोलिसच्या जानेवारीत पुढच्या बसची वाट बघण्याचा व्यायाम कुठलाही डॉक्टर सुचवत नाही.

एका विमा कंपनीच्या बारा मजली इमारतीत ती झाडांना पाणी घालायची. मी तिथंच तळघरात बॉयलर सांभाळायचो. तीनशे चाळीस कुंड्या, आठ लिटरची झारी. प्रत्येक कुंडीत दोन पेरं बोट खुपसायचं, माती ओली लागली तर पुढं व्हायचं. पान न् पान ओल्या फडक्यानं पुसायचं. एकवीस वर्षं.

साहेब लोक उरलेली कॉफी कुंडीत ओतायचे आणि झाड पिवळं पडलं की तिलाच सांगायचे, "आर्डिस, हे फार मलूल दिसतंय. बघून उदास वाटतं."

"त्याला झोप लागत नाही हो," ती म्हणायची. "कॉफी फार होते."

ही सगळी हिरवळ माणसांना बरं वाटावं म्हणून. आर्डिस स्वतः राहायची गावातल्या एका घराच्या तळघरात. घर तिचंच, पण वरचा मजला हप्ते फेडायला भाड्यानं दिलेला. तळघराला उजेडासाठी पावाच्या डब्याएवढा झरोका. तो नोव्हेंबरात बर्फाखाली जायचा आणि एप्रिलमध्ये परत भेटायचा. तिला ती भिंत कापून माणसाएवढी खिडकी बसवायची होती. गवंड्यानं सांगितलेल्या आकड्याला अजून दोन हिवाळ्यांचा पगार कमी पडत होता.

तेवढ्यात कंपनीनं प्रिडमोरला आणलं. हा कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचा अधिकारी. दिवसभर बसून माणसं आजारी पडतात, हे त्यानं दिवसभर बसून शोधून काढलं. उपाय म्हणून लॉबीत तीस फूट उंच हिरवी भिंत उभी राहिली. चार हजार रोपं, पाठीमागून पाण्याच्या नळ्या. रोपाला तहान लागली की प्रिडमोरच्या फोनला कळणार.

"मग मी काय करायचं?" आर्डिसनं विचारलं.

"मार्चपासून वरच्या कुंड्या काढतोय. सगळ्यांचं स्वास्थ्य आता ही भिंत बघेल. तुमची मात्र फार आठवण येईल, आर्डिस."

"हे जरा वेगळंच आहे," आर्डिस म्हणाली. आमच्याकडे याहून जड शिवी नाही.

मग तिनं कामाचं सांगितलं. "भिंत दारासमोर आहे. रोपं उष्ण मुलखातली. थंड झोत बसला की एका रात्रीत जातील."

"दार गोल फिरतं आहे की. वारा आत येतच नाही."

"शेजारी साधंही आहे."

"ते बंदच असतं."

बंद! आणि या गावात! आमच्याकडे माणूस दार उघडतो तो स्वतः जायला नाही, दुसऱ्याला आधी घालवायला. मागचा माणूस वाहनतळाच्या पार टोकाला असला तरी दार धरून ठेवायचं. मग तो बिचारा बर्फावरून घसरत पळत येतो, आणि "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही" सुरू होतं. आणि "निघतो आता" म्हटल्यावर निघायला पाऊण तास लागतो.

उद्घाटन जानेवारीत झालं. बाहेर शून्याखाली सव्वीस. दीडशे पाहुणे, केक, झाडं माणसाला कशी जगवतात यावर भाषण. निरोपाच्या वेळी प्रिडमोरनं साधं दार स्वतः धरलं.

"दार लावा," आर्डिस दोनदा म्हणाली. तिला बाहेर जायचंय असं वाटून तिघांनी आणखी वाट मोकळी केली.

खाली बॉयलर धापा टाकत होता. तेच सांगायला मी वर पळालो. प्रिडमोरनं दार अजून थोडं ढकललं. "आधी तुम्ही, गस!"

सकाळी भिंत उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. फोन म्हणत होता, रोपं समाधानी आहेत.

प्रिडमोरनं चूक मान्य केली. हवामानाची. फेब्रुवारीत त्याच जागी चार हजार प्लॅस्टिकची रोपं लागली. कुंड्याही ठरल्याप्रमाणे गेल्या. पण प्लॅस्टिकवर धूळ बसते, आणि फोनला धूळ पुसता येत नाही. आर्डिस राहिली, आहे त्याच पगारावर.

तीस फुटांची शिडी, बादली, फडकं. पिसांचा झाडू फिरवून तासाभरात उरकता आलं असतं. तिनं पान न् पान पुसलं. एका ओळीला चार तास.

"खोट्या झाडाचं काय एवढं घासतेस?" मी विचारलं.

"पगार खरा आहे, गस. शिडी हलवू नकोस."

वर्षअखेरच्या पाहणीत शंभरातल्या ब्याऐंशी जणांनी लिहिलं की लॉबीत ताजी हवा जाणवते. हिशेब विभागातल्या बाईंना भिंतीच्या परागांनी शिंका येऊ लागल्या. प्रिडमोरला बक्षीस मिळालं.

दोन हिवाळे पुसून झाल्यावर, मे महिन्यात आर्डिसच्या तळघराची भिंत कापली. बाहेरचा खड्डा मी खणला. गवंडी म्हणाला होता, एका दिवसाचं काम. त्याला खणायचं नव्हतं. तीन दिवस लागले.

खिडकी बसली त्या रविवारी मी एक मनीप्लँट घेऊन गेलो. आर्डिस खिडकीसमोर खुर्ची टाकून, पाय रुंद कट्ट्यावर पसरून बसली होती.

"कट्ट्यावर ठेवू?" मी विचारलं.

"घरी ने," ती म्हणाली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तिथं माझे पाय आहेत."