धोंडूमामांनी निवडलेला मदरबोर्ड

आमचे धोंडूमामा भेटले की आधी पाठीवरून हात फिरवायचे. नुसत्या मायेनं नव्हे. बेल्ह्याच्या बैलबाजारात दलालीत जन्म गेलेला, त्यामुळं माणूस असो की पाहुण्याची नवी फटफटी, चाचपल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. "वाळलास रं भाच्या," म्हणायचे आणि मामीला माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायला लावायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

नितीन त्यांचा एकुलता एक. आळेफाट्याजवळ टेम्पो उलटला आणि विशीतल्या पोराचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. त्याहून वाईट म्हणजे त्यानं काही मागणंच सोडलं. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तसाच बसायचा. पिंपळवंडीच्या घरात मामा उठता-बसता विचारायचे, "काय पायजे का रं?" उत्तर ठरलेलं, "काय नको." त्या 'काय नको'नं मामा खचत चालले होते.

अपघाताआधी हाच पोरगा नारायणगावच्या सायबर कॅफेत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला पळायचा. मी तिथंच एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत होतो. एक दिवस मामा माझ्यासमोर येऊन बसले. "त्यो क्याफेतला डबा घरी आणायचा," म्हणाले. "गेम लई पळाला पायजे बघ."

सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून आम्ही पुण्याला एका दुकानात गेलो. बाकी सगळं पटापट ठरलं, मदरबोर्डपाशी मात्र घोडं अडलं. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी. मी एक साधा, आटोपशीर बोर्ड काढायला लावला. नितीनच्या गेमला तो पुरेसा होता. मामांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला, कडेनं बोट फिरवलं आणि खाली ठेवला. मग शेजारच्या मोठ्या बोर्डाकडं बोट केलं.

"ह्याच्यात ही मोकळी घरं कसली, राव?"

"ते पुढं वाढवायला, काका," दुकानदार म्हणाला. "जास्तीची रॅम, ग्राफिक्स कार्ड. लागलं तर बसवायचं."

"मंग ह्योच द्या."

"मामा, उगाच कशाला? पहिल्या बोर्डावर सगळं चालतंय," मी म्हणालो.

"तू गप बस."

सौदा ठरला तशी मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. बाजारात बैल विकला की त्याच्या पाठीवर गुलाल टाकतात. मामांनी तोच चिमूटभर गुलाल थेट बोर्डावर टाकला. दुकानदार ब्रश घेऊन धावला. मामा म्हणाले, "गुलाल पडला. आता माल आमचा." त्या बिचाऱ्यानं खाचाखाचांतून गुलाल झटकला आणि बिघडला तर बदलून मिळणार नाही, असं मला दोनदा बजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एस्टीत खोकं मांडीवर घेऊन मामा बसले होते आणि मी धुमसत होतो. शेवटी विचारलंच, "मोकळ्या घरांचं एवढं काय होतं?"

"पोरगं कायबी मागत न्हाई," ते म्हणाले. "सगळं भरल्यालं नेलं तर त्यानं मागायचं काय? मोकळी घरं असली म्हंजे कवातरी म्हणंल, आबा, ह्यात ह्ये बसवा." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तेवढं धाडस झालं नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. गुलाल पचवून बोर्ड ठणठणीत चालला. नितीन खेळायला लागला, संदीप आणि गावातले बाकीचे जुने मित्र संध्याकाळी येऊन बसायला लागले. पण मागणं नाहीच. "काय म्हणला का रं? रॅम-बिम?" मामा मला गाठून विचारायचे. मी मान हलवायचो. "सारखं काय इचारताय?" मामी करवादायची.

कांदा काढणीचे दिवस होते. मी आणि मामा ओट्यावर टेकलो होतो. आतून नितीनची हाक आली, "आबा!"

मामा चपला न काढताच आत गेले, मी मागोमाग. नितीननं पडद्यावरची नजर काढली नाही. "एक खुर्ची पायजे," म्हणाला. "संदीप कवाचा उभाच हाय."

मामा तसेच बाहेर पडले. फटफटीला किक मारून आळेफाट्याला गेले आणि मागं दोरीनं बांधून प्लास्टिकच्या चार खुर्च्या घेऊन आले.

"अवो, एकच मागितली व्हती त्यानं," मामी म्हणाली.

मामांना दोरीची गाठ सुटत नव्हती.

"असू दे," ते म्हणाले. "मागितली की."