नीलम्माचा स्लॅबखालचा डाव

नीलम्मा जवळजवळ आठ वर्षं स्लॅबखाली झोपली नव्हती, बसली नव्हती आणि तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा तर उभीही राहिली नव्हती. किल्लारीच्या भूकंपानंतर निलंग्याकडचं गाव सोडून ती मुलाकडे लातूरला आली, तेव्हा रुद्रेशचं घर नवंकोरं होतं. दोन खोल्या, वर स्लॅब, भिंतींना गुलाबी रंग. नीलम्माने अंगणातूनच मान वर करून स्लॅब पाहिला, "लई चांगला हाय" म्हणाली आणि आपली वळकटी अंगणातच टाकली. आई अंगणात झोपते हे गल्लीत बरं दिसेना, म्हणून रुद्रेशने आठ दिवसांत तिथे पत्र्याची एक खोली उभी केली. तात्पुरती सोय आहे, असं तो तेव्हा सगळ्यांना सांगत होता.

आठ वर्षांत त्या तात्पुरत्या सोयीत चूल आली, देव आले, धान्याच्या कोठ्या आल्या आणि सगळ्या घराचा कारभार आला. नीलम्मा लग्नांना जायची, पण मंगल कार्यालयाबाहेरच्या मांडवात बसायची. दवाखान्यात गेली तर डॉक्टरला व्हरांड्याच्या पायरीवर यावं लागायचं. बँकेत एकदा सहीसाठी बोलावलं, तर तिने कागद बाहेर मागवला आणि शिपायाच्या सायकलच्या सीटवर ठेवून सही केली. लोक हसायचे. पण ज्यांनी किल्लारीकडची गावं त्या सकाळी पाहिली होती, ते फार हसत नसत.

तिच्या खोलीच्या कोपऱ्यात एक मनोरा होता. खाली पालथं पातेलं, त्यावर तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीत चमचा. जमीन जरा हलली की चमचा आधी वाजणार, मग वाटी पडणार आणि मग सगळ्यांनी काही न विचारता बाहेर पळायचं, असा घरचा कायदा होता. आतली खोली क्लाससाठी आलेल्या दोन मुलींना भाड्याने दिलेली होती. त्यांतली एक बिलोलीची, एक अर्धापूरची. किल्ली हातात देण्याआधी नीलम्माने दोघींना तीनदा पळायला लावलं होतं आणि अर्धापूरची चप्पल शोधायला थांबली म्हणून तिला चौथ्यांदा पळवलं होतं. मांजराने मनोरा पाडला तरी कायदा तोच. आठवड्यातून एकदा तरी ते घर मांजराच्या कृपेने रस्त्यावर असायचं.

अशा घरात दोन हजार एकच्या जानेवारीत कॉम्प्युटर आला. रुद्रेशची मुलगी दामिनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि घरी मशीन नसेल तर नुसतं वहीत लिहून काय शिकणार, असं तिने महिनाभर बापाच्या डोक्यात भरवलं होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे खाजाभाई आता कॉम्प्युटरही जोडून द्यायचे. ते ऑटोतून खोकी घेऊन आले. पत्र्याखाली उन्हाळ्यात मशीन उकडून निघेल असं त्यांनी सांगितल्यामुळे टेबल पुढच्या स्लॅबच्या खोलीत, खिडकीजवळ लागलं. नीलम्माने खिडकीच्या गजांतून हात आत घालून मॉनिटरला विभूतीची तीन बोटं ओढली. नारळ बाहेर पायरीवर फुटला.

खाजाभाईंनी सगळ्या वायरी खोचल्या, मशीन सुरू केलं आणि यूपीएसची करामत दाखवायला भिंतीतली पिन उपटली. पडदा तसाच चालू राहिला, पण यूपीएस पीप पीप ओरडायला लागलं. नीलम्माने बाहेरून "भायेर" अशी हाळी दिली. दामिनी पळाली, दोन्ही मुली पळाल्या, शेजारच्या दोन घरांतली माणसं पळाली आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्यांच्या पुढे खुद्द खाजाभाई पळाले. रस्त्यावर उभं राहून मग त्यांनी धापा टाकत समजावलं.

"अम्मा, ते यूपीएस हाय. लाईट गेली की वाजतं. दहा मिनिटांची मोहलत देतं. तेवढ्यात काम आवरून घ्यायचं."

आत मोहलत मिळते हे नीलम्माला पटलं नाही. तिच्या अनुभवात ती मिळाली नव्हती. पण तिने तो आवाज लक्षात ठेवला.

ती खिडकीशी पहिल्यांदा खिळली ती पत्त्यांमुळे. दामिनी अभ्यास करते आहे असं समजून ती बाहेर स्टुलावर बसून शेंगा फोडत होती. सहज आत पाहिलं तर पडद्यावर हिरव्या कापडावर पत्ते मांडलेले. दामिनी एकटीच खेळत होती आणि चुकत होती. नीलम्माच्याने ते बघवेना. "लाल नव्वीवर काळी अठ्ठी लाव की," ती गजांतून म्हणाली. दामिनी दचकली, पण तिने अठ्ठी लावली. त्या संध्याकाळी आजी-नातीने मिळून चार डाव खेळले, आजी बाहेर आणि नात आत.

पत्ते हे नीलम्माचं जुनं वेड. गावी तिची धाकटी जाऊ सिद्धम्मा आणि ती, दोघी कामं उरकली की डाव मांडायच्या. सिद्धम्मा लबाड होती, गुलाम मांडीखाली दडवायची, पण एक नियम मात्र सोडायची नाही. मांडलेला डाव अर्धा टाकून उठायचं नाही. गणपती बुडवून आले त्या संध्याकाळी दोघी खेळायला बसल्या आणि नीलम्माला झोप अनावर झाली. पानं तशीच पालथी ठेवून ती उठली. सिद्धम्मा चिडली, आणि उद्या सकाळी इथूनच पुढे, असं म्हणाली. सकाळ उजाडायच्या आत घराचं मातीचं माळवद खाली आलं होतं आणि सिद्धम्मा त्याखाली होती. नीलम्मा त्या एका डावासाठी आठ वर्षं रडत होती, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, फक्त दामिनीला एकदा सांगितलं होतं.

आता तिला बाहेरून नुसती चाल सांगून भागेना. दामिनीने टेबल खिडकीला भिडवलं आणि माउस गजांतून बाहेर काढून खिडकीच्या कठड्यावर पाटावर ठेवून दिला. नीलम्मा अंगणात स्टुलावर बसून, हात लांब करून खेळू लागली. गल्लीतून जाणारे थांबून बघायचे. रुद्रेशलाही त्याचं काही वाटलं नाही. आई मजेत आहे, स्लॅबखाली नाही, कायदा शाबूत आहे.

मार्चात ऊन चढलं आणि अडचण आली. दुपारी बाहेरून पडद्यावर पानं दिसेनात, स्वतःचंच तोंड दिसू लागलं. नीलम्माने डोक्यावरून गोधडी घेऊन खिडकीवर ताणून पाहिली. आत घामाने जीव जायची वेळ आली आणि बदामची राणी तरी दिसेना. दुपारी घर रिकामं असायचं. सून शाळेत शिकवायला, रुद्रेश कोपऱ्यावरच्या दुकानात, मुली क्लासला आणि दामिनी कॉलेजात. नीलम्माने चारी बाजूंना पाहिलं आणि उंबरा ओलांडला.

पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली, एक पाय दाराकडे काढून. टेबलापासून दार चार पावलं. चार पावलं म्हणजे काही स्लॅबखाली म्हणता येणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय आत आले. आठवड्याभरात तिने तिथे बसून मिसरी लावायला सुरुवात केली आणि एके दिवशी मिसरीची डबी मॉनिटरमागे विसरून आली. खिडकीतून हात घालून ती डबी तिथे ठेवता येणं शक्य नव्हतं. दामिनीला ती संध्याकाळी सापडली. तिने डबी गुपचूप पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर घडी घातलेली मऊ गोधडी टाकून ठेवली. परीक्षेची सुट्टी लागली तेव्हा तिने जाहीर केलं की तिचा अभ्यास पत्र्याच्या खोलीतच चांगला होतो. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. रुद्रेशला पोरीच्या जिद्दीचं फार कौतुक वाटलं.

ही चोरी साधी नव्हती. रुद्रेशला पत्र्याची खोली पाडायची होती. दर जूनला अर्धापूर, बिलोली, कुठून कुठून आईबाप मुलांना घेऊन दारात उभे राहायचे, क्लास मिळाला पण खोली मिळत नाही म्हणून हात जोडायचे. तिथे पक्कं बांधकाम करून वर मजला चढवायचा, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला होता. त्याच्या आड एकच गोष्ट होती. "मी स्लॅबखाली जाणार न्हाई" एवढं नीलम्मा म्हणाली की त्याचं तोंड बंद व्हायचं. तिच्याकडे तेवढं एकच हुकमाचं पान होतं. ती रोज दुपारी दोन तास स्लॅबखाली बसते हे त्याला कळलं असतं, तर ते पान गेलं असतं आणि पानाबरोबर देव, चूल, कोठ्या ठेवलेली तिची खोलीही गेली असती. हे ती पुरतं जाणून होती आणि तरीही रोज जात होती.

एप्रिलात एका दुपारी चारच्या सुमाराला डाव फार रंगात आला होता. तीन एक्क्यांवर राजापर्यंत रांगा लागल्या होत्या, किलवरची आठनऊ पानं तेवढी उरली होती. तेवढ्यात खुर्ची सरकली. पत्र्याच्या खोलीत चमचा वाजला, वाटी वाजली आणि तांब्या गडगडत गेला. नीलम्मा कधी उठली आणि कधी अंगणात आली, तिचं तिलाच कळलं नाही. पत्र्याच्या खोलीतून दामिनी पळत आली. दोघी अंगणाच्या दाराशी एकमेकींवर आदळल्या आणि एकत्रच रस्त्यावर गेल्या. गल्ली माणसांनी भरली. ज्याला त्याला आपल्या जिवाची पडलेली, कोण कुठल्या दारातून आलं हे कुणी पाहिलं नाही.

धक्का लहानच होता. एका भिंतीचा पोपडा सुद्धा पडला नाही. पण गल्लीभर वीज गेली होती आणि पुन्हा हलेल या भीतीने कुणी घरात जायला तयार नव्हतं. रुद्रेश दुकान उघडं टाकून धावत आला. त्याने आधी आईला चाचपून पाहिलं.

"अव्वा, पत्र्याच्या खोलीत होतीस ना?"

"हाव," नीलम्मा म्हणाली. दामिनी चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली.

बरं झालं खोली पाडली नाही, असं रुद्रेशच्या तोंडून निघून गेलं. मिस्त्रीला उद्याच नको म्हणून सांगतो, असंही तो म्हणाला. नीलम्मा जिंकली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तेवढ्यात सगळ्यांच्या बोलण्यातून तिला तो आवाज ऐकू आला. पीप पीप. लाईट गेली होती आणि यूपीएस दहा मिनिटांची मोहलत देत होतं. त्यांतली तीनचार तर रस्त्यावरच गेली होती. आत हिरव्या कापडावर किलवरची पानं तशीच पडून होती. तिला रुद्रेशचं बोलणं ऐकू येईना. तिला सिद्धम्मा दिसायला लागली, चिडलेली, पालथ्या पानांसमोर बसलेली. ती चालायला लागली.

ती पत्र्याच्या खोलीकडे निघाली असं आधी सगळ्यांना वाटलं. मग ती डावीकडे वळली आणि रुद्रेश ओरडला, "अव्वा, आत जाऊ नको."

नीलम्मा पायरीवर थांबली. "डाव अर्धा हाय," ती म्हणाली आणि अख्ख्या गल्लीसमोर स्लॅबखाली गेली.

खिडकी उघडीच होती, त्यामुळे लोकांना सगळं दिसत होतं. ती गोधडी नीट करून खुर्चीत टेकली, चष्मा नाकावर सरकवला आणि सवयीच्या हाताने पानं लावू लागली. पंजी, छक्की, सत्ती. मध्ये एकदा चुकली, पान परत नेलं. यूपीएस आता न थांबता ओरडत होतं. गुलाम, राणी आणि शेवटी राजा. पडद्यावरची सगळी पानं उसळून खाली पडू लागली. नीलम्मा त्यांच्याकडे बघत बसली.

"संपला गं, सिद्धम्मा," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. पडदा काळा झाला आणि आवाज थांबला.

रुद्रेश दारापर्यंत आला होता. गोधडी, मिसरीचे डाग, सवयीने त्या खुर्चीत बसलेली आई, सगळं त्याने एकदम पाहिलं. तो मागे वळून दामिनीकडे बघायला लागला. दामिनी आकाशात बघत होती.

"महिनाभर झाला," नीलम्माने त्याने न विचारताच सांगून टाकलं. मग चष्मा पुसता पुसता तिने बांधकामाचा निकाल लावला. मिस्त्रीला बोलाव, बांधून काढ. पण पत्रे विकायचे न्हाईत. ते सगळ्यात वर लावायचे, तिथे एक खोली करायची आणि ती तिची. ती स्लॅबखाली झोपणार न्हाई, स्लॅबवर झोपणार. खाली ती फक्त पत्त्यांपुरती येणार.

रुद्रेश बरं म्हणाला. तो अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. एक हात चौकटीवर, नजर वर स्लॅबकडे, आणि पाय काही उचलत नव्हता.

"ये की आत," नीलम्मा म्हणाली. "काय होत न्हाई."