मोझांबिकचा प्रश्न आणि हिंगाचा डबा

आमचे हे गेले त्याला दीड महिना झाला. मी बोरगाव मेघे गावातल्या आमच्या घरी चहा गाळत होते. नात येऊन म्हणाली, "आजी, आबा बोलून नाई राह्यले." माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा माणूस मुद्दाम गप्प बसलाय... जन्मभर मी यांच्यावर संशय घेतला, ती सवय अशी एका सकाळी थोडीच सुटणार?

हे खासदार होते तेव्हाची गोष्ट. लोक यांना आर्वीच्या कापसाचं विचारायचे आणि हे संसदेत विचारायचे मोझांबिकमधल्या पोर्तुगीज राजवटीचं. मी म्हटलं, "आपला कापूस सोडून तिकडचं काऊन?" तर म्हणाले, "तिथंही कापूसच आहे. मारून मारून पेरायले लावला लोकायले." मला हे उत्तर फारच तयार वाटलं. तेव्हा मी स्वतःला भारी चाणाक्ष समजत असे. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेली चाणाक्ष. एकदा हे दौऱ्यावर असताना मोझांबिकच्या शेजारच्या देशातून, दार-एस-सलामहून निळं पाकीट आलं. आत इंग्रजी पत्र आणि फोटो. फोटोत एक तरुण होता, एक बाई होती. मला बाईच तेवढी दिसली. पाकीट मी पापडाच्या हिंगाच्या डब्यात तळाशी दडपलं.

दुसरं पत्र आलं ते यांच्याच हाती पडलं. जेवताना म्हणाले, "हे लिहिणाऱ्या बाईचा भाऊ पोर्तुगिजांच्या तुरुंगात होता. संसदेत प्रश्न लावा म्हणून तिनं आधीच लिहिलं होतं म्हणते, पण मले नाई मिळालं. अधिवेशन संपलं, अन् तोही गेला." मी भाकर वाढली. नको म्हणाले, तरी वाढली. प्रश्नानं तो सुटला असता का, कोण जाणे... पण विचारला तरी गेला असता. महिनाभरानं धीर करून डबा उघडला, तर पाकीट नव्हतं. सासूबाईंनी चुलीत घातलं असेल, असं मी ठरवलं आणि वर त्यांच्यावरच डूख धरला. पुढच्या अधिवेशनात यांनी त्याच तुरुंगावर प्रश्न लावला. माहिती मागवली आहे, एवढंच उत्तर मिळालं.

परवा यांची जुनी फाईल उघडली. त्या प्रश्नाच्या नोटिशीला निळं पाकीट टाचलेलं, कोपऱ्यात यांचं अक्षर: 'उशिरा मिळालं.' कुठं मिळालं, कोणामुळं उशीर झाला, काही नाही... मंत्र्याला पुरवणी प्रश्नांनी घाम फोडणाऱ्या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नाही. दर उन्हाळ्यात पापडाच्या वेळी फळीवरून हिंगाचा डबा मात्र हेच उतरवून द्यायचे, आणि माझ्या हातात देताना क्षणभर धरून ठेवायचे. मी म्हणायची, "सोडा ना आता." मग सोडायचे.

पाकिटाला अजून हिंगाचा वास आहे.