सात नंबरची सरळ रेघ

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. साहेब संशयी असला की ते आपोआप साठतात!

कुंभकोणमच्या एका माडीवर बसून आम्ही परदेशातल्या समुद्रात उभ्या पवनचक्क्यांची तब्येत स्क्रीनवर पाहतो. साहेब म्हणजे रावकाका, घरी आमच्यासारखेच मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "ओरडते तिचं भय नाहीं. गप्प आहे तिजवर डोळा ठेव!"

*

एकदा कॉफीवाल्या मणीने फक्कड कॉफी आणली. काकांनी घोट घेतला, त्याला न्याहाळलं. "इतकी चांगली? काय लपवतोस?"

मणी चाचरला. "उद्यापासून चार दिवस रजा, सार."

*

मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला काका तिरुभुवनमला गेले, मी सोबत. प्रत्येक साडी उलटी करून तपासण्यात दोन तास गेले. दुकानदार वैतागला. "सार, नवरामुलगा तरी असा पाहिलात का?"

काका माझ्याकडे वळून पुटपुटले, "त्याला तर तीनदा उलटा केला!"

*

गेल्या वर्षी एका चक्कीचा अलार्म वाजला, दुरुस्तीची बोट धावली. वारा मोजणाऱ्या यंत्रावर पक्षी बसला होता, बोट पाहून उडाला! दुसऱ्यांदाही तेच. तिकडचा मॅनेजर भडकला. आणखी एक फुकट फेरी झाली, की ऑफिस चेन्नईला!

आम्ही हादरलो. काकांच्या आईला दिसत नाही, ओळखीच्या घराबाहेर ती पाऊल टाकत नाही. तिला सोडून काका कुठे जाणार?

त्या आठवड्यात काका पट्टीश्वरमला देवाला गेले, आणि गोपुरावरच्या कबुतरांकडेच डोळे वटारून परतले.

*

मग काका सात नंबरच्या चक्कीवर अडले. तिच्या बेअरिंगच्या थरथरीची रेघ महिनाभर सरळ, सगळं हिरवं, म्हणजे ठणठणीत. मॅनेजर तिचंच कौतुक सगळ्यांना सांगायचा.

"वारा चढतो, उतरतो, अन् ही हालत नाहीं? लबाड आहे!" काकांनी बोट मागितली.

"काका, नको हो!" मी हात जोडले.

मॅनेजर व्हिडिओ कॉलवर आला. "राव, ही शेवटची बोट. लक्षात आहे ना?"

"मग आधी ती चक्की थांबवा. रेघ खाली येते का पाहू." काका म्हणाले.

थांबवली. कॅमेऱ्यात पाती हळूहळू स्थिर झाली. आम्ही स्क्रीनकडे पाहिलं. तीच रेघ, तेवढीच थरथर, सगळं हिरवं!

थरथर मोजणारं यंत्रच अडकलं होतं, महिनाभर! मॅनेजरचा आवाज आला, पार उतरलेला, "राव, बोट निघतेय. पण... बाकीच्या हिरव्यांचं काय?"