वळणावरचा हॉर्न

अलीमियाँ पारकर, वय साठ, हुद्दा हलक्या वाहनाचा चालक, मुक्काम रास अल खैमा. व्हिसा रद्द करण्याचे कारण: मूळ ठिकाणी कायम परत.

शेवटच्या फेरीला त्यांनी पर्यटकांची जीप वाळवंटातल्या गाफच्या झाडीतल्या खडीच्या रस्त्याला घातली आणि नेहमीच्या वळणावर हॉर्न दिला. शेजारी बसलेला नागेश, उद्यापासूनचा ड्रायव्हर, हसला.

"चाचा, इथं समोरून कोण येणार? उंट?"

"एस.टी.," अलीमियाँ म्हणाले. "आमच्या गावच्या काजूच्या झाडीत असंच वळण. हॉर्न नाही दिला तर खलास."

तीस वर्षं त्यांनी हा रस्ता गावचाच समजून चालवला होता. इथं हॉर्न द्यायचं नागेशकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे किल्ली सोडली.

गावचा रस्ता गेल्या वर्षी डांबरी आणि सरळ झाला, असं बायकोनं फोनवर सांगितलं होतं.