वालपाराइसोच्या जिन्यावरची तिरकी रेघ

मी देवाला हात जोडतो, भुताला नाही. सगळा जन्म अंबरनाथच्या मोरिवलीत गेला. स्मशानाच्या कडेने चालत ड्युटीवर गेलो, कधी काही दिसलं नाही. कोणी असले किस्से काढले की मी उठून जायचो... म्हणून आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. शिक्षण चौथी पास. लिहिण्यात चुकेल, सांगण्यात खोट नाही.

माझा दोस्त लछू, उल्हासनगरचा सिंधी. अंबरनाथ एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कंपनीत आम्ही अठ्ठावीस वर्षं जोडीने काम केलं. मी पान्ह्याने नट कसायचो. तो हातोडीने ठोकून तपासायचा आणि नटावर खडूने खूण करायचा. कसणाऱ्याने स्वतः खूण करायची नाही, असा नियम. तपासणाऱ्या प्रत्येकाची खूण वेगळी, म्हणजे पुढे गळती निघाली तर कोणाला धरायचं ते कळतं. लछूची खूण – तिरकी रेघ, खाली टिंब. आधी तोही पान्हाच चालवायचा. मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून हातात खडू आला.

रिटायर झालो. माझी बायको गेली, मग त्याची. माझा मुलगा बदलापूरला फ्लॅटमध्ये, मी इथे एकटा. लछूची मुलगी कविता मात्र लांब... दक्षिण अमेरिकेत, चिली देशात, वालपाराइसो नावाच्या शहरात. तिथे जावयाचं कापडाचं दुकान आहे. तिने बापाला बोलावलं. हा म्हणाला, दत्तू आला तर येतो. दत्तू म्हणजे मी.

असं शहर मी पाहिलं नव्हतं. डोंगर थेट समुद्रात उतरलेले आणि डोंगरभर घरं – एक पिवळं, एक जांभळं, एक पोपटी. भिंतींवर माणसाच्या दुप्पट उंचीची चित्रं, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा रंगवलेल्या. रुळांवरून लाकडी डबा डोंगर चढतो, आत माणसं बसलेली. लछूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला जिने जमत नव्हते. त्या डब्यात तो एका दिवसात चारदा बसला. रस्त्यावर ढोल वाजला की थांबायचा. अनोळखी बायांना हात जोडायचा, त्या हसून हात जोडायच्या. तीन दिवसांत त्याच्या तिथे ओळखी झाल्या. माझ्या मोरिवलीतही तेवढ्या राहिल्या नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी वरच्या वस्तीत आमचा रस्ता चुकला. लछू म्हणाला, "साईं, कविताला फोन लावतो. हट्ट कशाला?" फोन त्याच्याकडेच होता, माझा तिथे चालत नव्हता. मी म्हटलं, रस्ता मला माहीत आहे, चल. तो म्हणाला, एकदा तरी चूक कबूल कर ना, यार. मला राग आला. मी बोलून गेलो, "तू आयुष्यभर नुसत्या रेघा मारल्या. काम मी केलं."

 बोटं गेलेला हात त्याने खिशात घातला. मी पाठ फिरवली आणि जिना उतरायला लागलो.

अर्ध्या तासात मी पुरता हरवलो. प्रत्येक वळणावर दोन-तीन जिने, घरं सगळी रंगीत, पण मला सारखीच. कोणाला विचारणार? भाषा येत नाही. समुद्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे.  लोखंडी कठडा धरून एका पायरीवर बसलो... त्या गावात मला नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं आणि त्याला मी मागे टाकून आलो होतो.

मग कठड्याच्या नटाकडे लक्ष गेलं. फिटरची नजर, नटावर जाणारच. नटावर खडूची तिरकी रेघ. खाली टिंब.

मला वाटलं, लछू पुढे निघून गेला, जाता जाता मला रस्ता दाखवतोय. खाली गेलो. जिथे जिने फुटले तिथे एकाच जिन्याच्या कठड्यावर खूण, बाकी कोरे. नऊ खुणा मोजल्या. शेवटची कविताच्या फाटकासमोरच्या कठड्यावर.

आत लछू खिडकीशी खुर्चीत बसला होता. कविता म्हणाली, "काका, बाबा तर केव्हाचे टॅक्सीने आले. तुम्हाला शोधायला निघत होते, मीच अडवलं. पायाने एक जिना तरी उतरवला असता का त्यांना?"

लछूने मला एवढंच विचारलं, "रस्ता कसा मिळाला?"

मी म्हटलं, "माझ्या ध्यानात होता."

सकाळी एकटा जाऊन पाहिलं. खुणा होत्या. रुमालाने एक पुसली, रुमालाला खडू लागला. जावई म्हणाला, दुरुस्तीवाले करत असतील. असतील. पण टिंबासकट? आणि नेमक्या घरापर्यंत? लछूजवळ खडू कुठून येणार, खडू सोडून त्याला बारा वर्षं झालेली.

मी परत आलो, लछू मुलीकडे राहिला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. गप्पा संपता संपता विचारायचा, "दत्तू, त्या दिवशी रस्ता कसा मिळाला?" मी दरवेळी तेच सांगायचो. तो "अच्छा" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. त्याला काही ठाऊक होतं की नुसती गंमत करत होता, मला कळलं नाही.

पाच महिन्यांनी रविवारी फोन आला, तो कविताचा. झोपेतच गेला म्हणाली.

अजून रविवारी संध्याकाळी मी फोन घेऊन ओट्यावर बसतो. रुमाल ठेवायला हवा होता, पण तो कधीच धुतला गेला. खुणा कोणी केल्या ते मला आजही सांगता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो राहिला नाही. पण त्याला द्यायचं उत्तर राहिलंय, ते इथे लिहून ठेवतो.

लछू, रस्ता माझ्या ध्यानात नव्हता. आणि मी कसलेला एकही नट तुझ्या रेघेशिवाय कधी पास झाला नाही.